जुना डबा खाली आहे

फोमचा ब्लॉक सुस्कारा टाकतो. ऐकणाऱ्याला खोटं वाटतं, पण खरंच टाकतो. पेटीत ओतलेलं मिश्रण दुधासारखं उतू येतं, चढत चढत पेटीच्या काठाशी पोचतं, क्षणभर थांबतं, आणि मग त्याच्या अख्ख्या पाठीवर बारीक बारीक फोड फुटून आतला गॅस बाहेर पडतो. फुस्स. तेवढाच आवाज. तो आला की समजायचं, आतली भोकं एकमेकांना जोडली गेली, आता यातून पाणी आरपार जाईल. नाही आला तर भोकं बंदच राहतात, आणि सांडपाण्याच्या टाकीत टाकायला तो ब्लॉक कुचकामी ठरतो.

तलासरीला हायवेपासून थोडं आत एक पत्र्याची शेड आहे, तिथं मी हे काम करते. रोज डहाणूहून स्कूटीनं जाते-येते. शेड शेठची, आणि त्यांचा खरा धंदा गाद्यांचा. पाण्याच्या फोमचं खूळ माझं. शेठ सुरुवातीला म्हणाले होते, "बेन, आपण गादीवाले. गटरमध्ये कशाला घुसायचं?" मी म्हटलं, गादीवर माणसं झोपतात, या फोमवर जिवाणू झोपतील, तेवढाच फरक. ब्लॉकचे बोटभर लांबीरुंदीचे तुकडे करायचे आणि टाकीत सोडून द्यायचे. जिवाणू भोकाभोकांत बिऱ्हाड थाटतात आणि पाण्यातली घाण खातात. शेडमधल्या बायका त्या तुकड्यांना ढोकळे म्हणतात. मीही आता तेच म्हणते, कारण दिसतात तसेच.

आता माझ्याबद्दल. माझा राग नाकावर असतो. आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही, पण धार आहे. दोन वर्षांपूर्वी मला खोकला लागला तो सुटेना. छाती भरून यायची, जिना चढता यायचा नाही. डहाणूच्या डॉक्टरांनी काय काम करता विचारलं आणि डोक्याला हात लावला. फोमला लागणाऱ्या दोन मुख्य रसायनांपैकी एकाला आम्ही आयसो म्हणतो. त्याची वाफ एकदा का माणसाच्या छातीला बाधली की मग थोडीशीही चालत नाही. डॉक्टर म्हणाले, "त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं असेल तर माझ्याकडे येऊ नका." झालं. ज्या खोलीत मी सगळं शिकले तिथं मलाच बंदी.

मग शेठनी मिक्सिंगच्या खोलीला मोठी काच बसवली. मी काचेबाहेर. आत पंखे, मास्क, हातमोजे आणि रानशेतची बाई. रानशेतहून चारोटीपर्यंत एका गाडीनं आणि तिथून पुढं दुसऱ्या गाडीनं रोज येते ती. सगळे तिला रानशेतवालीच म्हणतात. तिला मी शिकवलं, म्हणजे मापं शिकवली. हात तिचाच. मिश्रण कधी ओतायचं ते मी घड्याळ बघून ठरवायची, ती नुसतं त्याचा रंग बघून ठरवते आणि तिचं चुकत नाही. मराठी अक्षर लावून लावून वाचते, पण वाचते. म्हणून मी काय घालायचं, किती घालायचं, ते बाहेरच्या फळ्यावर लिहून ठेवते. ती वाचते आणि तसं करते. तोंडी सांगितलेलं पंख्याच्या आवाजात जातं, लिहिलेलं जात नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात म्हणायची.

त्या हिवाळ्यात आम्हाला एका मुलींच्या वसतिगृहाचं काम मिळालं. तलासरीच्या डोंगराकडच्या बाजूला, आसपासच्या पाड्यांतल्या मुली राहून शिकतात तिथं. न्हाणीघराचं आणि स्वयंपाकघराचं पाणी त्यांच्या टाकीतून जसंच्या तसं खालच्या ओहोळात जात होतं. पाड्यातल्या लोकांनी तक्रार केली, आणि ती बरोबरच होती, कारण ते त्याच ओहोळावर कपडे धूत. सरकारी साहेब आले, नाक दाबून बघून गेले आणि लेखी कळवलं. महिनाअखेरीला पाण्याचा नमुना घेणार. पाणी घाण निघालं तर पुढची सोय होईपर्यंत मुलींना घरी पाठवायचं.

तिथल्या बाई मला म्हणाल्या, "एकदा हॉस्टेल खाली केलं ना, तर निम्म्या मुली परत येत नाहीत. कुणी वाडीवर मजुरीला जाते, कुणाचं लग्न लावतात. मला माहितीये."

रानशेतवालीची मुलगी तिथंच होती. दहावीला. काम ठरलं त्या दिवशी रानशेतवालीनं मोजमापाचे सगळे मग दोनदा धुतले.

आता दिवसांचं गणित सांगते, कारण सगळी धाकधूक त्यातच होती. ढोकळे टाकले की लगेच पाणी साफ होत नाही. जिवाणूंना त्यात मुरायला निदान अडीच-तीन आठवडे लागतात. महिनाअखेरीपासून मागं मोजलं तर अमुक एका शुक्रवारी ढोकळे टाकीत पडायलाच हवे होते. टाकीला दोन ब्लॉक लागणार होते. आमच्याकडे माल चार ब्लॉकचा होता. पुढचे ड्रम यायला दोन आठवडे. म्हणजे चुकायला जागा होती, पण एकदाच.

शुक्रवारच्या आधीच्या सोमवारी ब्लॉक ओतायचे ठरले. नेमकी त्याच दिवशी माझी डहाणूला छातीची तपासणी होती. एक तर ती पुढं ढकलायची, नाहीतर मी नसताना ब्लॉक ओतायचे. मी म्हटलं, फळा आहे की.

एक शब्द समजून घ्या, टिन. हे मिश्रण घट्ट करणारं औषध आहे आणि अगदी थोडं लागतं. कमी पडलं तर ब्लॉक तडकतो. जास्त झालं तर भोकांच्या भिंती गॅस निघायच्या आतच आवळून बसतात, मग ब्लॉक सुस्कारा टाकत नाही. शेडमध्ये तेव्हा टिनचे दोन डबे होते. नवा सीलबंद डबा मांडणीच्या वरच्या फळीवर होता. जुन्याचं झाकण कुणीतरी सैल ठेवलं होतं, त्यामुळं त्याला हवा लागून जोर गेला होता. तो खालच्या फळीवर. शहाण्या बाईनं जुना फेकून दिला असता. पण आमच्या घरात लोणच्याच्या बरणीपासून नियम, जुनं संपल्याशिवाय नवं फोडायचं नाही. जोर निम्मा झालाय तर दुप्पट घालू, असा हिशोब मी केला. शनिवारी निघताना घाईघाईत फळ्यावर लिहिलं:

जुना डबा खाली आहे. टिन दुप्पट.

आणि खडू ठेवून घरी गेले.

सोमवारी डहाणूला दवाखान्यात मला एका नळीत फुंकायला लावलं. जोरात, अजून जोरात, थांबू नका, अजून. पडद्यावर रेघ चढायची आणि मधेच मान टाकायची. तीनदा फुंकून घेतलं. फोन पर्समध्ये, आवाज बंद करून. बाहेर आले तेव्हा डोकं गरगरत होतं. शेडचे तीन मिस्ड कॉल दिसले. म्हटलं, असेल काहीतरी, संध्याकाळी बघू. संध्याकाळी मी झोपून गेले.

मंगळवारी सकाळी शेडच्या दारातूनच मला दिसलं. पेटीबाहेर काढून ठेवलेले दोन्ही ब्लॉक चहूबाजूंनी आत ओढले गेले होते. कवळी काढल्यावर गाल बसतात ना, तसे. पाठ गुळगुळीत, फोड नावालाही नाही. मी एक तुकडा कापला, ओठांशी धरला आणि फुंकर मारली. कालची ती नळी बरी, तिच्यातून हवा तरी गेली होती. इथं काहीच जाईना.

रानशेतवाली हातमोजे घालून समोर उभी होती. "ताई, मी तुम्हाला फोन..."

"फोनचं राहू दे. टिन किती घातलंस?"

"दुप्पट. तुम्ही लिवलं तसं."

"कुठल्या डब्यातलं?"

"नव्या."

"नव्या? जुना डबा कुठं होता?"

"जुना खाली होता, ताई."

"खालीच होता ना? मग त्यातलं का नाही घेतलंस?"

"खाली होता म्हणून तर नाय घेतलं."

मला वाटलं, ही मला उलट बोलतेय. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "कमरेत वाकायला जीव जात होता का तुझा?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "वाकायचं कशाला?"

पाच-सहा जणं काम सोडून उभी होती. ब्लॉक कापणारा, गाडीवाला, गाद्या शिवणाऱ्या दोघी. दाराशी शेठ. तिथंच थांबले असते तरी भागलं असतं. पण मी थांबणारी नव्हे. मी म्हटलं, "कपड्यांची पेटी डोक्यावर घेऊन तुझी पोरगी घरी आली ना, की सांग तिला. म्हणावं, आईला वाकायचा कंटाळा आला म्हणून तुझी दहावी गेली."

तिने एक हातमोजा काढला, मग दुसरा. दोन्ही एकात एक घालून मांडणीवर ठेवले, नेहमी ठेवते तसे. पिशवी घेतली आणि हायवेच्या दिशेनं चालू लागली.

शेठ म्हणाले, "बेन, हिला मिक्सिंगवरून काढायची का?"

"काढा," मी म्हटलं. आजही तो शब्द आठवला की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग मी तणतणत मांडणीपाशी गेले आणि वाकून खालच्या फळीवरचा डबा बाहेर ओढला. आत बुळुक बुळुक वाजलं. अर्ध्याहून जास्त भरलेला होता.

कापणारा मागून म्हणाला, "अरे, यात माल आहे? फळ्यावर तर खाली लिहिलंय."

"मग? खालीच तर होता."

"खाली असता तर वाजला असता का, मॅडम?"

मी फळ्याकडे वळले. माझंच अक्षर, वळणदार, शाळेत बक्षीस मिळवलेलं. जुना डबा खाली आहे. टिन दुप्पट. आमच्या शेडमध्ये दिवसभर काय बोलतात? ड्रम खाली झाला. गाडी खाली करा. कालपर्यंत मीसुद्धा तेच बोलत होते. वसतिगृहाच्या बाई 'हॉस्टेल खाली केलं' म्हणाल्या तेव्हा मला काय, हॉस्टेल तळमजल्यावर आणलं असं वाटलं होतं? फक्त फळ्यावर लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं खालची फळी होती. वाचणाऱ्याला ती दिसणार कशी? त्यानं सरळ वाचलं, जुना डबा संपला, नव्यातून दुप्पट घ्या. ताजं, कडक टिन, आणि तेही दुप्पट.

मी गाडीवाल्याला बोलावून वाचायला लावलं. तो म्हणाला, रिकामा. शिवणाऱ्या दोघींनी एकमेकींकडे बघून सांगितलं, रिकामा. शेठ चष्मा लावून आले, वाचलं आणि म्हणाले, "खाली एटले खाली ज ने, बेन. बीजुं शुं?" म्हणजे रिकामाच, दुसरं काय.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मी तर अंगणाला नुसतं वाकडं म्हटलं नव्हतं, चारचौघांत त्याची लाज काढली होती. "चूक माझी आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. पण जिनं ऐकायला हवं होतं ती एव्हाना चारोटीच्या गाडीत बसली असणार.

मग फोन काढून ते तीन मिस्ड कॉल बघितले. कापणाऱ्यानं सांगितलं, पहिला ब्लॉक सुस्कारा टाकेना तेव्हाच ती घाबरली होती. तिला विचारायचं होतं, दुसरा ओतू की थांबू. मी उचलला नाही. मग तिने फळा पुन्हा एकदा वाचला, एकेका अक्षरावर बोट ठेवून, आणि ताईनं लिहिलंय ते बरोबरच असणार असं म्हणून दुसरा ओतला.

मी दिवसभर तिला फोन लावत राहिले. बंद.

बुधवारी उजाडताच स्कूटी काढली आणि रानशेत गाठलं. आदल्या रात्री पंचवीस वाक्यं जुळवली होती. तिच्या अंगणात पोचले तोवर त्यातलं एकही डोक्यात उरलं नव्हतं.

ती घरात एक कोपरा झाडत होती. भाताच्या गोणी तिथून हलवून दुसरीकडं रचल्या होत्या. भिंतीच्या एका खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंत नवी दोरी बांधली होती, कपडे टाकायला.

"हे काय?" मी विचारलं.

"पोरीची जागा करते," ती म्हणाली. झाडणं थांबवलं नाही. "चिकूच्या वाडीवर सांगून ठेवलंय. ती आली की दोघी जाऊ कामाला."

मी उंबऱ्यावरच बसले. माफी मागायची सवय नसली की शब्द कसेही बाहेर पडतात. मी म्हटलं, डबा भरलेला होता, खाली होता, म्हणजे खालच्या फळीवर, तुझी काही चूक नाही, मी लिहिलं ते चुकीचं, म्हणजे चुकीचं नाही, पण...

ती झाडू धरून उभी राहिली. "म्हंजे डबा खाली नव्हता?"

"खाली होता. पण खाली नव्हता."

माझ्या तोंडून ते निघालं आणि मलाच कसंतरी झालं. दुसरी कुणी असती तर हसली असती. ती हसली नाही. तिने विचार केला, पुरता, टोकापर्यंत. मग म्हणाली, "मंग खालच्या फळीवर, असं लिवायचं ना."

"हो."

"मी काल रातभर माझे हात बघत होती, ताई. म्हटलं, या हातांनी पोरीचं वाटोळं केलं."

मी उंबऱ्यावरची माती नखानं खरवडत राहिले.

"तुम्ही मला आंधळी म्हणा, बहिरी म्हणा. मी ऐकून घेतलं असतं. कामात माणूस बोलतो. पण पोरीला कशाला मधे आणलं? ती तुमच्याकडे कामाला हाय का?"

"नाही. चुकलं माझं," मी म्हटलं. "फार चुकलं. पाया पडू का?"

"नको. उठा." तिने झाडू कोपऱ्यात ठेवला. "माल किती उरलाय?"

"दोन ब्लॉकचा. बरोबर दोन."

"चला मंग. मी तुमच्यासाठी नाय येत, सांगून ठेवते."

ती स्कूटीवर माझ्यामागं बसली. दोन्ही हात तिने मागच्या दांडीला धरले होते, माझ्या खांद्याला धरलं नाही.

शेडमध्ये गेल्यागेल्या मी फळा ओल्या फडक्यानं पुसला आणि लिहिलं: नवा डबा, वरच्या फळीवर. टिन नेहमीएवढं. खाली हा शब्द मुद्दामच टाळला. तिने मोठ्यानं वाचलं, मग माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं आणि मास्क चढवून आत गेली.

पहिल्या ब्लॉकला काही झालं नाही. म्हणजे जे व्हायचं तेच झालं. मी काचेला नाक लावून उभी. पंख्यांच्या घरघरीत मला आतलं काहीच ऐकू येत नाही, दोन वर्षांत सुस्कारा ऐकलेला नाही. ती पेटीवर कान लावून वाकते आणि आवाज आला की हात वर करते. मिश्रण काठाशी आलं, थांबलं. तिचा हात खालीच. मग हात वर गेला, आणि पाठोपाठ पाठीवरचे फोड मलाही दिसले.

दुसऱ्याला आयसो पडलं, मिक्सर फिरायला लागला आणि लाइट गेली.

मिक्सर थांबला. पंखे थांबले. हे मिश्रण एकदा एकत्र झालं की कुणाच्या बापाची वाट बघत नाही. मोजून काही सेकंद हातात असतात. पण पंखे बंद म्हणजे वाफ खोलीतच कोंडणार. मी काचेवर दोन्ही हातांनी धडधडा मारलं. "बाहेर ये! सोड ते! बाहेर ये आधी!"

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. भिंतीला टेकवलेलं लाकडी वल्हं उचललं, पेटी साफ करायचं, आणि ते पिंपात घालून फिरवायला लागली. दोन्ही हातांनी, कमरेतून वाकून. वाकायचा कंटाळा म्हणे. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि खोकलाही सुरू झाला, मी बाहेर असून. कापणारा दार उघडायला धावला. मी ओरडले, आत जाऊ नकोस, नुसतं दार उघडून धर, वारा जाऊ दे. तिने वल्हं टाकलं, पिंप कलतं केलं, मिश्रण पेटीत ओतलं आणि दाराशी येऊन उभी राहिली. बाहेर आली नाही. पाठ दाराला टेकून, मास्क घट्ट धरून ती पेटीकडे बघत राहिली.

ब्लॉक चढायला लागला. एका बाजूनं जास्त, एका बाजूनं कमी. वाकडा का होईना, काठाशी पोचला. थांबला. शेडमध्ये सगळी यंत्रं बंद. शिवणाऱ्या बायका उठून आल्या होत्या. हायवेवरचा ट्रक सोडला तर आवाज नाही.

आणि मग मी तो ऐकला. काचेतून, दोन वर्षांनी. फुस्स.

तिने हात वर केला नाही. तिला माहीत होतं मी ऐकलं ते. बाहेर येऊन तिने मास्क काढला. नाकावर वळ उठला होता. मी तिला पाणी दिलं. ती प्यायली.

ब्लॉक देखणा नव्हता. एका बाजूला भोकं मोठमोठी, दुसऱ्या बाजूला बारीक. गुरुवारी कापून बघितला. फुंकर आरपार गेली, चहूकडून. शुक्रवारी मी आणि रानशेतवालीनं ढोकळे पोत्यांत भरून वसतिगृहावर नेले. दुसऱ्या एका चालू टाकीतला गाळ आणून आधी टाकीत ओतला, तोच जिवाणूंचा विरजणाचा चमचा. मग ढोकळे सोडले. मुली ओळीनं उभ्या राहून पोती पुढं देत होत्या, नाकाला ओढण्या बांधून. त्यातली कुठली तिची ते मी विचारलं नाही. पण एक उंच मुलगी पोतं देताना आईच्या हाताला जरा जास्त वेळ धरून राहिली, त्यावरून कळलं. खोलीच्या दारातून खाटांखाली बांधून ठेवलेल्या मुलींच्या पेट्या दिसत होत्या.

पुढचे तीन आठवडे मी एकेक दिवस मोजला. दर दोन-तीन दिवसांनी जाऊन ढोकळा काढून बघायचा. पांढरा, मग पिवळट, मग चहासारखा. वासही बदलत गेला. सडका वास गेला आणि ओल्या मातीचा यायला लागला. पण वासावर कोण पास करतं? साहेब ठरल्या दिवशी आले, बाटलीत पाणी भरलं, उजेडात धरून बघितलं. मी त्यांचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. त्यांनी चिठ्ठी चिकटवली, "कळवू," म्हणाले आणि गेले.

कळवायला त्यांनी बरेच दिवस घेतले. रानशेतवाली रोज येत होती, काम करत होती. माझ्याशी कामापुरतं बोलत होती. घरातली ती दोरी तिने सोडली होती का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मग एका दुपारी ती आत गादीचा ब्लॉक ओतत असताना बाहेर ठेवलेला तिचा फोन वाजला. नंबर वसतिगृहाच्या बाईंचा. मी काचेवर टकटक केलं, तिने बघितलं आणि ब्लॉक काठाशी येईपर्यंत जागची हलली नाही. मग बाहेर आली. हातात मोजे, म्हणून मी स्पीकर लावून फोन तिच्यापुढं धरला.

पलीकडे बाई नव्हत्या. मुलगी होती, धापा टाकत. मागं पोरींचा गोंगाट. "आई! खाली नाय करायचं! बाई बोलल्या, खाली नाय करायचं!"

रानशेतवालीनं मास्क गळ्यात ओढला. चेहरा तसाच. ती फोनकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"ताई," ती म्हणाली, "हा खाली कुठला?"

मला खोकल्याची उबळ आली. मी मान हलवत राहिले. शेवटी कसंबसं म्हटलं, "रिकामा. रिकामं करायचं नाही. भरलेलं राहणार."

तिला तेवढं पुरलं नाही. ती फोनवर वाकली. "पोरी, परत सांग. नीट सांग. खाली बोलू नको."

मग मुलगी सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "आई, मी घरी येत नाय."

"नको येऊ," रानशेतवाली म्हणाली आणि रडायला लागली. "अजिबात नको येऊ."